बारा तासांच्या माउंटन बाइक स्पर्धेची नियमावली लिहायची आहे (परळी खोरे, सातारा)

परळीखोरे यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या सायकल मंडळाने येत्या नोव्हेंबरच्या मध्यास परळी खोऱ्यात बारा तासांची माउंटन बाइक स्पर्धा घेण्याचे ठरवले असून नियमावली लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. मी शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे येते. २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील सायकल फेऱ्या) मी वेळेत पूर्ण केल्या आहेत, परंतु डांबर सोडून स्पर्धेत उतरण्याचा अनुभव एकदाचाच आहे.

मार्ग साधारण १४ किलोमीटरच्या फेरीचा आहे. सज्जनगडाच्या पायथ्याच्या बाजूने मुरमाड बैलगाडीवाट, मग पठारावर चढणारी पायवाट, वर दोन-अडीच किलोमीटर कातळाचा सडा आणि शेवटी ओढ्याच्या कडेने दगडगोट्यांतून उतरण. ठोसेघरला जाणारा रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. एकेरी आणि दोघांचा संघ असे दोन गट आहेत, स्पर्धक सुमारे शंभर असतील आणि वेळ सकाळी आठ ते रात्री आठ अशी ठरली आहे.

इकडच्या-तिकडच्या चार नियमावल्या वाचून मी नऊ पानांत ४६ नियम उतरवले आहेत. आमचे सचिव म्हणतात की एवढे कोणी वाचणार नाही, आणि मलाही ते पटते, पण यातला कोणता नियम काढावा हे ठरवता येत नाही. बीआरएममध्ये पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट सक्तीचे असते, बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी ठिकाणी, घेता येते. तेवढेच येथे पुरेसे आहे का? शेवटची फेरी कशी मोजावी? डॉक्टरांचा दाखला मागावा का? आणि परवानग्या कोणाकोणाच्या घ्याव्यात? ज्यांनी अशा स्पर्धा केल्या किंवा घेतल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटवाट_कराड यांचे उत्तर

सर, प्रत्येक नियमासमोर समासात एकच गोष्ट लिहून पाहा: हा नियम कोण, कुठे उभा राहून तपासणार आहे? ज्या नियमासमोर माणसाचे नाव लिहिता येत नाही तो नियमावलीतून काढून सूचनांच्या पानावर टाका. माझा अंदाज आहे की ४६ पैकी पंधरा-सोळा उरतील आणि तेवढे स्पर्धकही वाचतील.

पहिला नियम मोजदादीचा ठेवा. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी स्वयंसेवक होतो. बक्षीस समारंभ आटोपून मांडव उतरवायला घेतला, तेव्हा एका गृहस्थांनी शांतपणे विचारले की आमचा मुलगा अजून आला नाही का. मुलगा चौथी फेरी अर्ध्यावर सोडून जवळच्या वाडीत चहा पीत बसला होता, पण हे कळेपर्यंत आम्ही अकरा जण बॅटऱ्या घेऊन ओढा पालथा घालत होतो. त्यामुळे स्पर्धा सोडणाऱ्याने आपला क्रमांकाचा फलक अखेरच्या रेषेवरच्या टेबलावर किंवा जवळच्या चौकीवर स्वतःच्या हाताने परत दिलाच पाहिजे, न दिल्यास पुढच्या वर्षी प्रवेश नाही, असे स्पष्ट लिहा. प्रत्येक फेरीची वेळ वहीत नोंदवा आणि आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा पाऊण तास उशीर झालेल्या स्पर्धकाचा शोध कोणी सांगण्याची वाट न पाहता सुरू करा. फेऱ्यांची वेळ आपोआप नोंदवणारी चिप लावली असली तरी वही ठेवा. त्या खोऱ्यात मोबाईलची रेंज कुठे जाते आणि कुठे येते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल.

आता वेळ. नोव्हेंबरच्या मध्यास आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि साडेसहाला पायवाटेवर काही दिसत नाही. म्हणजे आपल्या स्पर्धेचे शेवटचे दीड तास, जेव्हा माणूस सर्वांत थकलेला असतो, ते पूर्ण अंधारात आणि त्याच ओढ्याच्या उतरणीवर जाणार. रात्रीची स्पर्धाच घ्यायची असेल तर ती तशी आखावी. बारा तासांचा आकडा जुळवण्यासाठी अंधार ओढवून घेऊ नये. सकाळी साडेसहाला सुरुवात केल्यास हा प्रश्न बहुतांशी सुटतो. पहिल्या फेरीत कातळावर दव असेल आणि तो निसरडा असेल, हे मान्य आहे. पण तेव्हा पाय ताजे असतात आणि उजेड वाढत असतो.

शेवटच्या फेरीचा नियम याच्याशीच जोडलेला आहे. दोन पद्धती रूढ आहेत: वेळ संपण्यापूर्वी सुरू केलेली फेरी धरायची, किंवा वेळ संपण्यापूर्वी पूर्ण झालेलीच फेरी धरायची. पहिली पद्धत ऐकायला उदार वाटते, पण तिच्यामुळे बाराव्या तासाला दोन मिनिटे उरली असताना अर्धमेला माणूस आणखी १४ किलोमीटरसाठी बाहेर पडतो आणि आपली माणसे दीड-दोन तास जागेवर अडकतात. दुसरी ठेवा आणि जोडीला असे लिहा की साडेदहा तासांनंतर कोणालाही नवी फेरी सुरू करता येणार नाही. फेऱ्या समान झाल्यास ज्याने शेवटची फेरी आधी पूर्ण केली तो वरचा.

सुरुवातीबद्दल एक विषयांतर. बऱ्याच ठिकाणी स्पर्धक धावत सायकलीपर्यंत जातात. त्याला ले मान्सची सुरुवात म्हणतात. ती पद्धत ज्या मोटार शर्यतीतून आली तेथे चालक धावत जाऊन, पट्टा न बांधताच गाडी पळवत असत, म्हणून १९६९ नंतर ती बंद झाली. सायकलीत मात्र तिचा उपयोग आहे, कारण पायवाट लागण्यापूर्वी गर्दी विरळ होते. आपली पहिली तीन किलोमीटर रुंद गाडीवाट असल्याने आपल्याला तिची गरज नाही, आणि मुरमावर क्लीटच्या (पेडलला अडकणाऱ्या पट्टीच्या) बुटांनी शंभर जण धावले की दोन-तीन गुडघे फुटलेच म्हणून समजा.

मार्गावरचे नियम थोडके ठेवा. मागून येणाऱ्याने कोणत्या बाजूने जाणार हे मोठ्याने सांगावे आणि पुढच्याने पहिल्या सुरक्षित जागी वाट द्यावी. सायकल ढकलत नेणाऱ्याने चालवणाऱ्याला वाट द्यावी. मार्ग सोडल्यास जेथून सोडला तेथूनच परत यावे. आणि अपघात पाहणाऱ्या पहिल्या माणसाने थांबावे, दुसऱ्याने चौकीवर निरोप न्यावा. थांबणाऱ्याचा वेळ परत दिला जाईल हेही लिहा, नाहीतर आघाडीचे लोक मनात खंत बाळगून पुढे निघून जातात.

रस्ता ओलांडताना सायकलवरून उतरून चालत जाण्याची सक्ती करा. रविवारी ठोसेघरला पर्यटकांच्या गाड्या असतात आणि वाहतूक आपल्यासाठी थांबणार नाही. नुसते लिहून कोणी उतरत नाही. ओलांडण्याच्या आधी पंधरा-वीस मीटर पट्ट्या बांधून नागमोडी वाट करा, म्हणजे वेग आपोआप मरतो. दोन्ही ठिकाणी दोन-दोन माणसे, शिट्टी आणि लाल झेंडा.

खुणांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय संकेत सोपा आहे: खाली टोक असलेला एक बाण म्हणजे सावध, दोन म्हणजे अधिक धोका, तीन म्हणजे मोठा धोका, आणि फुली म्हणजे चुकीची वाट. ओढ्याच्या उतरणीला तीन बाण लावा आणि शक्य असल्यास शेजारून लांबची सोपी वाट ठेवा. जो पाचव्या फेरीला सहज उतरला तो आठव्या फेरीला तेथेच पडतो.

साहित्याची तपासणी सुरुवातीच्या रेषेवर आणि मधूनही अचानक व्हावी. हेल्मेट मानांकनाचे, तडा न गेलेले, आणि सायकल हातात असेपर्यंत पट्टा लावलेला. दोन्ही ब्रेक चालू. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच. हे क्षुल्लक वाटते, पण उघडी नळी पोटात घुसते. पंप, दोन ट्यूब, चेन तोडण्याचे हत्यार आणि जोडकडी; ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब हवीच, कारण आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यापुढे सीलंट (टायरमधले भोक बुजवणारा द्रव) दरवेळी टिकत नाही. दुपारी साडेचारनंतर फेरी सुरू करणाऱ्याकडे हँडलवर एक आणि हेल्मेटवर एक असे दोन दिवे असावेत. हँडलचा दिवा हँडल वळेल तिकडे पाहतो, वळणापलीकडचा खड्डा हेल्मेटच्याच दिव्यात दिसतो. मागे लाल दिवा. बीआरएमचे जाकीट रस्त्यावरच्या वाहनांसाठी असते, येथे ते ओलांडण्याच्या जागी उभ्या असलेल्या माणसांना द्या.

विंडचीटर मात्र सक्तीचा करा, हवामान कितीही चांगले दिसो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी धावस्पर्धेत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला आणि १७२ पैकी २१ धावपटू थंडीने दगावले. वारा अडवणारे कपडे त्या स्पर्धेत सक्तीच्या यादीत नव्हते. आपले पठार तेवढे उंच नाही, पण वरचा वारा किती असतो हे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या सांगतात, आणि घामाने भिजलेला माणूस घोटा मोडून तेथे तासभर पडून राहू शकतो.

स्टेथोस्कोप_आणि_सायकल यांचे उत्तर

मी डॉक्टर आहे आणि हौशी सायकलस्वार आहे. वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत असून फक्त वैद्यकीय भाग लिहितो.

डॉक्टरांचा दाखला मागण्यास हरकत नाही, परंतु त्यावर फार विसंबू नका. ओळखीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत मिळणारा ‘तंदुरुस्त आहे’ असा कागद कोणाचे हृदय तपासत नाही. त्यापेक्षा एका पानाची प्रश्नावली उपयोगी पडेल: श्रम करताना छातीत दुखले आहे का, कधी भोवळ येऊन पडला आहात का, घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे. यातील पहिल्या तिनांपैकी एकालाही ‘होय’ असे उत्तर आल्यास तपासणी करून आल्याशिवाय प्रवेश देऊ नये. आणि ज्याला त्या आठवड्यात ताप आला आहे त्याने उतरू नये, हा नियम ठळक लिहा. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज आलेली असू शकते आणि अशा वेळी बारा तासांचा श्रम जिवावर बेततो.

रुग्णवाहिकेबद्दल बहुतेक नियमावल्या एक गोष्ट विसरतात. एकच रुग्णवाहिका असेल आणि ती सकाळी दहाला हासळी (गळ्याजवळचे हाड) मोडलेल्या माणसाला घेऊन साताऱ्याला गेली, तर पुढचे दोन तास स्पर्धेला रुग्णवाहिकाच नाही. म्हणून दोन ठेवा. ते शक्य नसल्यास रुग्णवाहिका परत येईपर्यंत नव्या फेऱ्या थांबवल्या जातील असा नियम करा. १०८ ही सेवा उत्तम आहे, पण ती जिल्ह्यातील सर्वांसाठी आहे आणि आपल्या स्पर्धेसाठी राखून ठेवलेली नसते. हृदय बंद पडल्यास विजेचा झटका मिळण्यास लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे झटका देणारे स्वयंचलित यंत्र एक तरी मिळवा आणि प्रत्येक चौकीवरील निदान एका माणसाला छातीदाब शिकवा. दोन तासांच्या वर्गात ते येते.

डोक्याला मार लागल्यावर बेशुद्धी आलीच पाहिजे असे नाही. गोंधळलेला चेहरा, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, तोल जाणे, उलटी, एवढे पुरेसे आहे. जागतिक सायकल संघटना यूसीआयने २०२१ पासून यासाठी स्वतंत्र कार्यपद्धती लागू केली आहे आणि तिचा गाभा असा की शंका आली तरी स्पर्धक बाहेर. आपल्या नियमावलीत हा निर्णय डॉक्टरचा आणि डॉक्टर येईपर्यंत चौकीप्रमुखाचा असेल, त्यावर स्पर्धकाशी वाद होणार नाही, असे लिहा, कारण मार लागलेला माणूस हमखास म्हणतो की मी ठीक आहे. पडलेल्या माणसाची मान दुखत असेल तर त्याला उठवू नका आणि हेल्मेटही ओढून काढू नका.

पाण्याविषयी. ‘भरपूर पाणी प्या’ अशी पाटी कृपया लावू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा त्यांतील १३ टक्के जणांचे सोडियम कमी झालेले आढळले, आणि त्याचा मुख्य संबंध शर्यतीत अतिरेकी पाणी पिऊन वजन वाढण्याशी होता. तहान लागेल तसे प्यावे. चौकीवर मीठ-साखर-लिंबाचे सरबत, खारे शेंगदाणे, उकडलेले बटाटे आणि मीठ ठेवावे. डोके दुखते, हातापायांना सूज आहे, बोलणे विसंगत आहे अशा माणसाला आणखी साधे पाणी पाजू नये. उलट दुपारच्या चढावर अंग तापून बरळू लागलेल्या माणसाला आधी सावलीत नेऊन थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा, आणि मगच रुग्णवाहिकेत घालावे. त्या प्रसंगी शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेलेले असते आणि प्रवासात गेलेला वेळ महाग पडतो.

वेदनाशामक गोळ्या खिशात घेऊन निघणारे बरेच असतात. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करतात. ट्रामाडॉल तर १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात सर्वच खेळांत निषिद्ध आहे.

उरमोडीकाठ यांचे उत्तर

गुरुजी, मी याच खोऱ्यातला शेतकरी आहे. सायकल चालवत नाही, माझा पुतण्या चालवतो आणि त्याने हे वाचायला दिले. आपण ज्याला मार्ग म्हणता ती आमची रोजची वाट आहे, म्हणून चार गोष्टी लिहितो.

परवानगीचे म्हणाल तर पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि रस्त्याचे खाते यांचे कागद आपण घ्यालच. वनखात्याकडे मात्र नकाशा घेऊन स्वतः जा, कारण कुठे गायरान संपते आणि कुठे राखीव वन सुरू होते हे जागेवर पाहून कळत नाही. पण कागद मिळाला म्हणजे वाट मिळाली असे होत नाही. बैलगाडीवाट ज्या सहा-सात जणांच्या बांधावरून जाते त्यांच्या घरी जाऊन बसा. चहा घ्या. त्या दिवसांत भाताची कापणी आणि मळणी चालू असते. कोणाचे खळे वाटेतच असेल तर ते तुमच्यासाठी हलणार नाही, तुमची पट्टीच दोन हात सरकवावी लागेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तार. रानडुकरे आणि गवे यांच्यापासून पीक राखण्यासाठी बरेच जण शेताभोवती झटका यंत्राची तार ओढतात, आणि काही जण चोरून थेट विजेचीही सोडतात. तार संध्याकाळी लावतात आणि सकाळी काढतात, त्यामुळे दिवसा मार्ग पाहून गेलेल्या माणसाला ती दिसतच नाही. आपण एकदा अंधार पडल्यावर पूर्ण फेरी चालत जाऊन पाहा आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येक शेतकऱ्याला फोन करा. मार्ग सोडून शेतात शिरू नये, या नियमामागचे कारण म्हणून हेच लिहा. मग कोणी शिरणार नाही.

जनावरे साडेपाचच्या सुमारास घरी परततात आणि म्हैस घंटीला वाट देत नाही. कळप दिसला की उतरून उभे राहावे. ऊसतोड सुरू झालेली असते, म्हणून खालच्या रस्त्याला मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर असतात. स्पर्धा संपवून सायकलनेच साताऱ्याला परत निघणाऱ्यांना थांबवा, त्यांच्यासाठी टेम्पो करा. ओढ्यावरच्या उंच झाडाला आग्या मोहोळ असते. त्याखाली चौकी नको, धूर नको. आणि कातळावर दगडाखाली फुरसे, म्हणजे विषारी साप, असते, पंक्चर काढायला बसणाऱ्याने आधी दगडाकडे पाहावे. चावल्यास पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना, मांत्रिक नको आणि दोरीही आवळायची नाही.

परळीखोरे

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. समासात नावे लिहिण्याचा प्रयोग केला आणि ४६ पैकी १७ नियम उरले. ‘खेळाडूवृत्तीने वागावे’ हा माझा आवडता नियम पहिल्याच फटक्यात सूचनांच्या पानावर गेला. सुरुवात साडेसहाला करण्यास दोन जणांचा विरोध होता, कारण उद्घाटनाला येणारे पाहुणे इतक्या पहाटे येणार नाहीत. शेवटी पाहुण्यांना बक्षीस समारंभाला बोलवावे असे ठरले. दुसऱ्या रुग्णवाहिकेचा खर्च झेपत नसल्याने फेऱ्या थांबवण्याचा नियम घेतला आहे. उरमोडीकाठ, येत्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघे अंधारात फेरी चालणार आहोत. आपण किंवा आपला पुतण्या बरोबर आलात तर फार बरे होईल.

एक शंका उरते. दोघांच्या संघात एक जण फेरीवर असताना दुसरा तळावर झोपलेला असतो. पहिला परत आलाच नाही तर ते कोणाच्या लक्षात येणार?

घाटवाट_कराड

फेरी बदलताना मनगटी पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची जागा नोंदणी टेबलासमोरच ठेवा, म्हणजे वहीत दोन्ही नावे एकाच वेळी लागतात. जोडीदार झोपला आहे की जागा आहे याच्याशी मग शोधाचा संबंध राहत नाही. वहीवाला माणूस घड्याळ पाहूनच हाक देतो. त्या वहीसाठी मात्र चार-चार तासांच्या तीन पाळ्या लावा. बारा तास एकालाच बसवू नका. मागे मी बसलो होतो आणि नवव्या तासाला ३८ च्या जागी ८३ लिहिले होते.

उरमोडीकाठ

रविवारी येतो. साडेसहाला पुलाजवळ थांबा, बॅटरी आणि काठी दोन्ही आणा.